शिंदळमाकुडी आणि तिच्या बहिणी

(नभोवाणीवरील भाषण)

एकाच नांवाचीं दोन माणसें एका गांवांत असलीं म्हणजे टपालवाल्याची जी त्रेधा उडते, तीच त्रेधा रानांतील वनस्पतींचीं नांवें गोळा करणाऱ्याची पदोपदीं उडत असते. "शिंदळमाकुडी" हें असेंच एक नांव आहे. कोणी तें कड्याच्या फटींतून लोंबणाऱ्या, पावसाळ्यांत पानांनीं भरलेल्या एका लहान झुडपाला लावतात. तर कोणी माळावर काटेरी झाळीच्या आडोशानें उभ्या असलेल्या, पानें नसलेल्या चौधारी कांडीला लावतात. ह्या दुसरीला माकडशिंगी असेंहि म्हणतात. नांवांची ही सरमिसळ घरगुती गप्पांपुरतीच राहिली असती, तर कांहीं बिघडलें नसतें. परंतु श्रोतेहो, ह्या दोघींपैकीं एक वनस्पति देशाच्या कोरड्या मुलखांत दूरवर पसरलेली आहे, आणि दुसरी साऱ्या पृथ्वीवर फक्त महाराष्ट्रांतील सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांवर आहे. पहिलीच्या चार कांड्या खुडल्या, तर मागें राहिलेल्या बुडख्यांतून ती पुन्हां फुटते. दुसरीचें एक रोप उपटलें, तर त्या फटींत तें पुन्हां केव्हां उगवेल याची शाश्वति कोणीं द्यावी? म्हणून ह्या बहिणींना एकमेकींपासून निराळें कसें ओळखावें, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम मुलूख डोळ्यांपुढें आणूं. आमचा जुन्नर तालुका पश्चिमेकडून पूर्वेकडे चालत गेल्यास जणूं दोन तीन निरनिराळ्या देशांतून चालल्यासारखें वाटतें. पश्चिमेस नाणेघाट, माळशेज, ढाकोबा हा धुवांधार पावसाचा प्रदेश. मध्यें जुन्नर शहर आणि त्याच्या उशाशीं शिवनेरी. तेथून पूर्वेकडे आळेफाटा, बेल्हे ओलांडून कल्याण-अहिल्यानगर रस्त्यानें आण्याच्या पठारावर आलें, कीं पाऊस मागें राहतो. खडकाळ माळ, बाभळी-बोरी आणि कोरडा वारा एवढेंच सोबतीला उरतें. ही पर्जन्यछाया ध्यानांत ठेवावी. कारण ज्या वनस्पतींविषयीं आपण बोलणार आहोंत, त्या साऱ्या पाण्याच्या टंचाईशीं झगडूनच आपापल्या रूपाला आल्या आहेत. कड्यावर पाऊस पुष्कळ पडला तरी तो तेथें थांबत नाहीं, आणि माळावर तो मुळांतच थोडा पडतो. म्हणजे भरपूर पावसांतला कडा आणि अल्प पावसांतला माळ, हे वनस्पतीच्या दृष्टीनें शेजारीच म्हणावयाचे.

आतां ह्यांचें कूळ पाहूं. रुईचें झाड सर्वांच्या परिचयाचें आहे. मारुतीच्या गळ्यांत तिच्या पानांची माळ शनिवारीं पडते. रुईचें फळ फुटलें म्हणजे रेशमी केसांचा झुबका घेऊन बीं उडत जातें, आणि मुलें "म्हातारी, म्हातारी" म्हणून त्याच्या मागें धांवतात. माकडशिंगी आणि शिंदळमाकुडी ह्या त्याच कुळांतील. त्यांचींहि फळें शिंगांसारखीं जोडीनें येतात आणि त्यांच्याहि बियांना म्हातारीचे केस असतात. शिवाय ह्या मंडळींचे परागकण इतर फुलांप्रमाणें भुकटीच्या रूपानें सुटे नसतात. ते मेणासारख्या गोळ्यांत बांधलेले असून दोन दोन गोळ्या एका बारीक चिमट्यानें एकत्र जोडलेल्या असतात. माशीचा पाय किंवा सोंड त्या चिमट्यांत अडकली, कीं ती उडतांना ती जोडगोळी घेऊनच उडते. पूर्वीं रुईचें कूळ स्वतंत्र मानीत. हल्लींच्या वर्गीकरणांत तें कण्हेरीच्या मोठ्या कुळांत समाविष्ट केलेलें आहे. परंतु जोडशेंग, म्हातारी आणि परागांची जोडगोळी, ह्या तीन खुणा जेथल्या तेथें आहेत.

घरच्या माणसांना ओळखण्यापूर्वीं परक्यांना वेगळें काढलेलें बरें. रसाळ, हिरवी आणि बिनपानांची कांडी दिसली कीं आपण सर्रास "निवडुंग" म्हणून मोकळे होतों. पण फड्या निवडुंग हा मूळचा अमेरिकेचा पाहुणा, आणि त्रिधारी निवडुंग व कुंपणाचा शेर हे एरंडाच्या कुळांतले. त्रिधाऱ्याच्या धारेवर काट्यांच्या जोड्या असतात. शेराच्या कांड्या गोल व पेन्सिलीसारख्या असून त्यांचें उंच झाड होतें. ह्या दोघांना जरा इजा झाली कीं पांढराशुभ्र दाहक चीक वाहूं लागतो. तो डोळ्यांत गेल्यास दृष्टीला अपाय होतो. आपल्या माकडशिंगीच्या धारांवर दातेरी उंचवटे असतात, पण ते टोंचत नाहींत. आणि तिचा रस, रुईची नातलग असूनहि, दुधासारखा नसून पाण्यासारखा असतो. मात्र केवळ हा रस पाहण्यासाठीं कोणीं कांडी मोडूं नये. काट्यांची जोडी पाहिली तरी काम भागतें.

आतां पहिली बहीण माकडशिंगी. शास्त्रांत तिला कॅरालुमा अॅड्सेंडेन्स म्हणतात. रॉक्सबर्ग ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें १७९५ च्या सुमारास कोरोमंडलच्या वनस्पतींवरील आपल्या ग्रंथांत तिचें वर्णन केलें, आणि त्यानें नोंदविलेल्या तेलुगू नांवावरूनच पुढें कॅरालुमा हें वंशाचें नांव पडलें. आपल्याकडे जी आढळते तिच्या फुलांना झालर असते, म्हणून तिला फिंब्रिएटा, म्हणजे झालरीची, असें आणखी एक नांव आहे. कोणी तिला ह्या जातीचा केवळ एक भेद समजतात, कोणी स्वतंत्र जाति समजतात. आपल्याला त्या वादांत शिरण्याचें कारण नाहीं. ती कोरड्या, दगडाळ उतारावर, बहुधा एखाद्या काटेरी झुडपाच्या आधारानें उभी राहते. कांडी बोटाएवढी किंवा त्याहून बारीक, स्पष्ट चार धारांची, आणि वर शेंड्याकडे निमुळती होत गेलेली. पान म्हणून जें कांहीं असतें तें कोंवळ्या शेंड्यावर दातेरी उंचवट्याच्या टोकाशीं खवल्याएवढें असतें, आणि तेंहि लौकरच गळून जातें. पावसाळ्याच्या उत्तरार्धांत ह्या निमुळत्या शेंड्यावर एकेक फूल येतें. तें लहान असतें, त्याच्या पाकळ्या अरुंद आणि जांभळट पट्ट्यांच्या असतात, कडांना बारीक जांभळे केस असतात, आणि तें बहुधा खालीं मान घालून असतें.

दुसरी बहीण म्हणजे कड्यावरची शिंदळमाकुडी. नांव जरा रांगडें आहे खरें. म्हणून अलीकडे तिला शिवनेरीच्या नात्यानें शिवसुमन असेंहि म्हणूं लागले आहेत. तें नांव गोड आहे, आणि एकाच वनस्पतीकडे बोट दाखविणारें असल्यानें उपयोगाचेंहि आहे. म्हणून पुढें मी तेंच वापरतों. ही कड्याच्या भेगेंत मूळ रोवून खालीं लोंबते किंवा खडकावर पसरते. तिची कांडी गोल व गुळगुळीत असते. तिला चार धारा नाहींत. पावसाळ्यांत ह्या कांडीवर जाड, लंबगोल, चांगलीं बोटाच्या दोन पेरांएवढीं पानें येतात. साधारणपणें श्रावणापासून दिवाळीपुढेंपर्यंत पानांच्या बगलेशीं फुलें उमलतात. फूल सुमारें दोन सेंटिमीटर रुंद, चांदणीसारखें पसरट. रंग गडद तांबडा, त्यावर पिंवळी नक्षी, आणि पाकळ्यांच्या कडेला केसांची झालर. ही नक्षी सगळीकडे सारखी नसते. कोठें ठिपके, तर कोठें पट्टे. तेव्हां नक्षींत फरक दिसला म्हणून निराळी जाति सांपडली असें समजूं नये.

तिसरी बहीण आपल्या तालुक्यांतली नव्हे, पण तिची ओळख घेतल्यावांचून शिवसुमनाचें नातें उलगडत नाहीं. दक्षिण भारतांत अंबेलाटा नांवाची एक जाति आहे. तिची कांडी जाडजूड, चौधारी आणि बिनपानांची. वरवर पाहतां ती माकडशिंगीची थोरली बहीण वाटेल. पण तिचीं फुलें एकेकटीं येत नाहींत. कांडीच्या शेंड्यावर त्यांचा चेंडूसारखा भरगच्च गोळा येतो, आणि त्याला कुजल्यासारखी घाण येते. हा दुर्गंध माशांना बोलावण्यासाठीं असतो. ह्या गोतावळ्यांत फुलपाखरांपेक्षां माशांचाच मान मोठा.

आतां मौजेचा भाग येतो. वर सांगितलेल्या तिघींत पानें असलेली एकच, बाकीच्या दोघी बिनपानांच्या. तेव्हां बिनपानांच्या दोघी जवळच्या आणि पानांची दूरची, असा निकाल कोणीहि देईल. विद्वानांनींहि तोच दिला होता. त्याची हकीकत आमच्या तालुक्यांतच सुरू होते. जुन्नरजवळ हिवरें येथें कंपनीसरकारच्या काळापासून एक सरकारी बाग होती; डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्या देखरेखीखालीं तेथें औषधी वनस्पती लावीत. हे गिब्सन पुढें मुंबई इलाख्याचे जंगलखात्याचे प्रमुख झाले. त्यांच्यामागून त्या जागेवर आलेले निकोलस डाल्झेल यांनीं गिब्सन यांच्यासह १८६१ सालीं "बॉम्बे फ्लोरा" हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथांत ही वनस्पति नाहीं. नंतर जुन्नर-हिवरें भागांतील डोंगरांच्या खडकांवर डाल्झेल यांना ती आढळली, आणि १८६५ मध्यें लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकांत तिचें वर्णन आलें. मुंबईचे त्यावेळचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या नांवावरून डाल्झेल यांनीं तिच्यासाठीं एक नवा वंशच स्थापन केला, आणि फ्रेरिया इंडिका असें तिचें नामकरण केलें. ह्या वंशांत तिच्यावांचून दुसरें कोणी नव्हतें. ह्या साऱ्या मांसल कांडीच्या गोतांत खरीं, रुंद पानें धारण करणारी ही एकटीच. मग तिला स्वतंत्र चूल देणें साहजिकच होतें.

जवळजवळ शंभर वर्षें ती चूल तशीच राहिली. १९५८ मध्यें रोली ह्या इंग्रज अभ्यासकानें फुलाची रचना प्रमाण धरून तिला कॅरालुमांच्या घरांत आणलें. पुढें वनस्पतींच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना करण्याची सोय झाली, आणि ह्या शतकाच्या आरंभीं मेव व लीडे ह्या संशोधकांनीं तिला बूसेरोसिया वंशांत नेलें. त्या वंशांत कोण आहे म्हणाल, तर ती दुर्गंधी चेंडूफुलांची अंबेलाटा! म्हणजे पानांची शिवसुमन आणि बिनपानांची अंबेलाटा ह्या सख्ख्या बहिणी ठरल्या. आणि जिच्याशीं शिवसुमनाचें नांव लोकांनीं एक केलें, ती माकडशिंगी चुलत बहीण ठरली. आज शास्त्रीय ग्रंथांत बूसेरोसिया फ्रेराय आणि फ्रेरिया इंडिका अशीं दोन्ही नांवें आढळतील. वनस्पति एकच समजावी.

यावरून शिकण्यासारखी गोष्ट ही कीं, पान हें नात्याची साक्ष देण्यास फार कच्चें असतें. तें ऋतूप्रमाणें आणि गरजेप्रमाणें बदलतें. शिवसुमनाच्या बाबतींत तर पान म्हणजे चार महिन्यांचा पाहुणा. पावसाळा संपून हवा कोरडी झाली कीं सगळीं पानें गळून पडतात, आणि उन्हाळ्यांत कड्यावर नुसत्या करड्या-हिरव्या, सुरकुतलेल्या गोल कांड्या लोंबत राहतात. ह्यामागें फार सुंदर योजना आहे. १९७७ मध्यें जर्मनींतील लांगे व झूबर ह्या संशोधकांनीं तिच्यावर प्रयोग करून ती उजेडांत आणली. बहुतेक झाडें आपलीं सूक्ष्म रंध्रें दिवसां उघडून हवेंतील कार्बन वायु आंत घेतात. पण रंध्रें उघडलीं कीं आंतली वाफहि बाहेर जाते. निवडुंगासारख्या कोरड्या प्रदेशांतील वनस्पती म्हणून रात्रीं, गारव्यांत, रंध्रें उघडतात, वायु आम्लाच्या रूपानें साठवितात आणि दिवसां दारें लावून त्यावर अन्न शिजवितात. यांत पाणी वांचतें, पण वाढ मंद होते. शिवसुमन ह्या दोन्ही रीति जाणते. तिचीं पानें पहिल्या, उधळ्या पण झपाट्याच्या रीतीनें चालतात, आणि तिची कांडी दुसऱ्या, काटकसरीच्या रीतीनें. पावसाळ्यांत पाणी विपुल असतांना पानांच्या कमाईवर ती भराभर वाढते. पाणी आटतांच पानें टाकून कांडीच्या तुटपुंज्या मिळकतीवर पुढचा पाऊस येईपर्यंत दम धरते. ज्या घरांत वर्षाचा कांहीं काळ आंवक असते आणि बाकीचा काळ नसते, त्या घरच्या गृहिणीला ही व्यवस्था निराळी समजावून सांगावी लागणार नाहीं.

आतां हें सगळें हाताशीं धरून ओळखीची रीत सांगतों. रानांत अशी कांडी दिसली तर तीन प्रश्न क्रमानें विचारावे. पहिला प्रश्न : हिला टोंचणारे काटे आहेत काय, किंवा हिचें डोक्याएवढें उंच झाड झालें आहे काय? उत्तर "होय" आलें तर ती निवडुंग किंवा शेर. तिचा नाद सोडावा. दुसरा प्रश्न : कांडी चौधारी आहे कीं गोल? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण ह्याचें उत्तर बारा महिने मिळतें. चार धारा व त्यांवर बोथट दांते असतील तर माकडशिंगी. गोल, गुळगुळीत आणि खडकाच्या भेगेंतून लोंबणारी असेल तर शिवसुमन. उन्हाळ्यांत पानें नसलीं तरी तीं गळाल्याचे वण कांडीवर शोधावे. तिसरा प्रश्न फुलाचा, आणि तो मुख्यतः श्रावण ते कार्तिक एवढ्या काळापुरता : फूल निमुळत्या शेंड्यावर लहानसें, मान घातलेलें आहे, कीं पानाच्या बगलेंत रुपयाच्या नाण्याएवढें, पसरट आणि गडद तांबडें आहे? शेंड्यावर चेंडू असेल तर तुम्ही बहुधा दक्षिणेच्या प्रवासांत आहां. पान आहे कीं नाहीं, हा प्रश्न मीं मुद्दामच ह्या तिन्हींत घेतला नाहीं. पावसाळ्यांत पान दिसलें तर तें साक्षीला घ्यावें. पण उन्हाळ्यांत तें दिसलें नाहीं म्हणून निकाल देऊं नये.

उन्हाळ्यांतली ही फसगत केवळ पुस्तकी नाहीं. माकडशिंगीच्या कोंवळ्या कांड्या कोरड्या मुलखांतले लोक कच्च्या खातात, त्यांची भाजी करतात, लोणचेंहि घालतात. ती खाल्ली कीं भूक भागते अशी तिची जुनी ख्याति आहे. ह्या ख्यातीवरून तिच्या अर्काच्या गोळ्या वजन घटविण्याचें औषध म्हणून देशोदेशीं विकल्या जाऊं लागल्या. त्या गुणाचा पुरावा अद्याप पक्का नाहीं, पण मागणी मात्र पक्की आहे. आतां कल्पना करा, कोणी गोळा करणारा "शिंदळमाकुडी" एवढेंच नांव ऐकून चैत्रांत एखाद्या किल्ल्याच्या कड्याशीं गेला. तेथें त्याला बिनपानांच्या हिरव्या कांड्या दिसल्या. नांव जुळतें, रूपहि थोडेंबहुत जुळतें. तो काय करील हें सांगावयास नको.

शिवसुमनाचीं ठिकाणें शिवनेरी, पुरंदरशेजारचा वज्रगड, रंधा धबधब्याचा परिसर अशीं एकमेकांपासून दूरदूर विखुरलेलीं आहेत. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकांत आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघानें जगांतील अत्यंत संकटग्रस्त अशा बारा वनस्पतींत तिची गणना केली होती. पुढें शोधकांनीं आणखी कडे धुंडाळले आणि तिचीं आणखी ठिकाणें सांपडलीं, ही समाधानाची गोष्ट. परंतु दरड कोसळणें, डोंगराला लागणारे वणवे, गुरांची चराई आणि हौशी लोकांचें उपटून नेणें, हीं संकटें टळलेलीं नाहींत. आणखी एक भागीदार आहे, पण त्याच्यावर रागावतां येत नाहीं : रुईवर वाढणारी नारिंगी फुलपाखराची अळी हिचीं पानेंहि खाते. ती अळी तिच्याबरोबर युगानुयुगें राहत आली आहे. आपली गोष्ट निराळी.

कोणी म्हणेल, ही वनस्पति कांडीच्या तुकड्यापासून कुंडींत सहज लागते, परदेशांतील हौशी लोकांच्या कांचघरांतहि ती आहे; मग एवढी चिंता कां? त्याचें उत्तर असें कीं, तुकड्यापासून लाविलेलीं शंभर रोपें हीं वस्तुतः एकच रोप शंभर ठिकाणीं ठेवल्यासारखीं असतात. एका रोगाला एक बळी पडलें तर सगळींच पडतील. कड्यावरचीं रोपें मात्र बियांपासून आलेलीं, म्हणजे प्रत्येक थोडें निराळें. हा निराळेपणाच पुढल्या दुष्काळांत उपयोगी पडावयाचा असतो. फुलावरची नक्षी प्रत्येक कड्यावर थोडी वेगळी दिसते, ती ह्याच ठेव्याची खूण असावी. कुंडींतलें रोप ही प्रत. मूळ पोथी कड्यावर आहे.

म्हणून शिवनेरीवर मुलांना घेऊन जाल, तेव्हां शिवजन्माची जागा दाखवून झाल्यावर त्यांची नजर कड्याकडेहि वळवा. पायवाट सोडून कड्याच्या टोकाशीं जाण्याची गरज नाहीं. लांबून दुर्बिणीनें पाहावें, खिशांतील मोबाइलनें छायाचित्र घ्यावें. घरीं आल्यावर तें मोठें करून वरील तीन प्रश्न विचारावे. उत्तर शिवसुमन आलें तर आनंद मानावा, पण नेमकी जागा चारचौघांत मिरवूं नये. वनखात्याला किंवा जवळच्या महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना ती सांगितली म्हणजे पुरे. आणि आण्याच्या बाजूला माळावर चौधारी कांडी भेटली, तर तिलाहि तिच्या स्वतःच्या, माकडशिंगी ह्या नांवानेंच हांक मारा. तिच्या बहिणीचें नांव बहिणीकडेच राहूं द्या. त्या नांवावर कोणी चुकून कड्यापर्यंत जाणार नाहीं, एवढें रक्षण तरी आपल्या बोलण्यानें होण्यासारखें आहे.